एकाच घरातील अनेक आजार : बहुपुटी मूत्रपिंडविकार

पोलंडचा राजा स्टीफन बाथोरी इ. स. १५८६ च्या डिसेंबर महिन्यात वारला. त्याचे शव टिकविण्यासाठी शस्त्रवैद्यांनी ते उघडले, तेव्हा त्याची मूत्रपिंडे बैलाच्या मूत्रपिंडांएवढी मोठी व उंचसखल असल्याचे त्यांस आढळले. राजाच्या मृत्यूचे नेमके कारण काय, ह्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु त्या वर्णनावरून मूत्रपिंडांचा विकार कोणता असावा, ह्याचा अंदाज आजच्या वैद्यांस सहज करता येतो. इंग्रजीत त्यास 'पॉलिसिस्टिक किडनी' म्हणतात. हे नाव पॅरिसच्या फेलिक्स लजार ह्या शस्त्रवैद्याने १८८८ साली आपल्या प्रबंधात रूढ केले. मराठीत आपण त्यास बहुपुटी मूत्रपिंडविकार म्हणू. पुटी म्हणजे पाण्यासारख्या द्रवाने भरलेली, पातळ आवरणाची बंद थैली. आपल्याकडे बोलताना 'किडनीवर पाण्याच्या गाठी' असे म्हणतात. गाठ म्हटली की माणसे कर्करोगाच्या कल्पनेने घाबरतात, तेव्हा आधीच सांगून टाकतो की हा कर्करोग नव्हे. तसेच तरुण मुलींच्या बाबतीत हल्ली 'पीसीओडी' हा शब्द वारंवार कानांवर येतो, त्याचाही ह्या विकाराशी संबंध नाही. नावांत साम्य आहे, इतकेच.

मी डॉक्टर नव्हे; विज्ञान शिकविणारा शाळामास्तर आहे. परंतु आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे आणि त्या निमित्ताने ह्या विकाराची माहिती मिळवीत गेलो. अर्जावर बहुधा 'किडनी फेल' एवढेच लिहिलेले असते. सोबतच्या सोनोग्राफीच्या कागदावर कधी कधी दोन्ही मूत्रपिंडे पुटींनी भरल्याचे स्पष्ट नमूद असते. अर्जदारास विचारावे, "घरात आणखी कुणाला किडनीचा त्रास होता का?" तर उत्तर मिळते, "नाही सर, वडिलांचं वेगळंच होतं. ते डोक्यात रक्तस्राव होऊन गेले." किंवा, "आत्याला नुसतं बीपी होतं." हे 'वेगळंच' पुष्कळदा वेगळे नसते. एकच विकार एका घरात चार नावांनी वावरत असतो, आणि ती चार नावे कोणी एकत्र मांडून पाहत नसल्यामुळे पाचव्या माणसास सावध होण्याची संधी मिळत नाही.

निरोगी माणसाचे एकेक मूत्रपिंड दहा ते बारा सेंटिमीटर लांब व साधारण दीडशे ग्रॅम वजनाचे असते. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीस एक नलिका जोडलेली असते. बहुपुटी विकारात ह्यांपैकी काही नलिकांच्या भिंती जागोजाग फुगतात, फुगा नलिकेपासून सुटून वेगळा होतो आणि त्यात द्रव साचत राहतो. नवल असे की अशा रीतीने बिघडणाऱ्या नलिका शेकडा पाचांहूनही कमी असतात. बाकीच्या सर्व मूळच्या चांगल्या असतात. परंतु शेजारचा फुगा वाढत जाऊन त्यांस दाबतो, त्यांचा रक्तपुरवठा कमी करतो, आणि अखेर हे निरपराध शेजारीच भरडले जातात. विकार विकोपास गेला म्हणजे मूत्रपिंड फूटभर लांब आणि कित्येक किलो वजनाचे झालेले आढळते.

ही वाढ किती वेगाने होते, ह्याची पद्धतशीर मोजणी अमेरिकेत २००१ साली सुरू झाली. २४१ रुग्णांच्या मूत्रपिंडांचे आकारमान एमआरआय यंत्राने दरवर्षी मोजण्यात आले व २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : वाढ सरासरीने दरसाल शेकडा सव्वापाच. आता हे चक्रवाढ व्याज झाले, आणि त्याचा हिशेब आमच्या वर्गातील मुलेदेखील करू शकतात. सुमारे साडेतेरा-चौदा वर्षांत मुद्दल दुप्पट. मुद्दल लहान असते तोवर व्याज डोळ्यांत भरत नाही. म्हणून विशीत-तिशीत रुग्णास काही जाणवत नाही आणि पन्नाशीत सारे एकदम कोसळल्यासारखे वाटते. शिवाय उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम अंगावर घेत असल्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन पुष्कळ वर्षे ठीकच येते. 'रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर ह्या विकारात निश्चिंत राहता येत नाही, ते ह्यामुळे. हजार-दोन हजार माणसांमागे एकास हा विकार असतो, म्हणजे तो तितकासा दुर्मीळही नव्हे.

तो आनुवंशिक आहे. ओव्हे डालगार्ड ह्या डॅनिश डॉक्टराने २८४ रुग्ण व त्यांची कुटुंबे ह्यांचा छडा लावून १९५७ साली हे नि:संशय दाखवून दिले. मेंडेलच्या वाटाण्यांचा धडा ज्यांच्या स्मरणात असेल त्यांस हे समजण्यास अडचण पडू नये. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. ह्या विकारात एक प्रत सदोष असली तरी तेवढ्याने रोग होतो. वैद्यकशास्त्रात अशा जनुकास प्रभावी म्हणतात. बाधित माता वा पिता ह्यांच्या प्रत्येक अपत्यास सदोष प्रत मिळण्याचा संभव निम्मा असतो, मग ते अपत्य मुलगा असो की मुलगी. येथे लोकांची एक चूक नेहमी होते. चार मुले असली तर दोघांस रोग व दोघांस नाही, असा हिशेब ते मांडतात. नाणे चार वेळा उडविले तर दोनदाच छापा पडेल असा नियम नाही. चारही वेळा छापा पडतो, कधी एकदाही पडत नाही; आणि थोरल्या भावास रोग झाला म्हणून धाकट्याची पाळी टळली असेही होत नाही. ज्यास सदोष प्रत मिळालीच नाही, त्याच्या मुलाबाळांस मात्र ह्या वाटेने रोग जात नाही. शंभरांतील दहा-पंधरा रुग्णांच्या घरात पूर्वी कोणासच हा विकार नसतो. त्यांच्यात तो नव्यानेच उपजलेला असतो.

हे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर आहे एवढे १९८५ साली कळले, परंतु नेमकी जागा सापडण्यास १९९४ साल उजाडले, आणि तेही एका पोर्तुगीज कुटुंबामुळे. त्या घरातील आई व मुलगी ह्यांच्या सोळाव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल झाले होते आणि त्या दोघींस बहुपुटी विकार होता. गुणसूत्र जेथे तुटले होते तेथेच शोधकांस जनुक मिळाले. दोन वर्षांनी चौथ्या गुणसूत्रावरील दुसरे जनुक सापडले. सुमारे तीनचतुर्थांश कुटुंबांत पहिले जनुक सदोष असते व त्यांच्यात रोग लवकर बळावतो. मूत्रपिंडे निकामी होण्याची वेळ पन्नाशी-साठीत येते. दुसऱ्या जनुकाचा रोग सौम्य असतो. त्यात ही वेळ सत्तरीच्या पुढे येते, पुष्कळांच्या बाबतीत येतच नाही. अशा घरातील आजी ऐंशीव्या वर्षी म्हातारपणाने वारते आणि तिच्या पोटात पुटी होत्या हे कोणास ठाऊकही नसते.

आमच्या मुस्लिम समाजात चुलत-मावस भावंडांची लग्ने होतात, आणि सीमाभागातील हिंदू घरांतून मामाची मुलगी करून घेण्याची चाल आहे. तेव्हा 'नात्यातल्या लग्नाने हा रोग होतो काय?' असा प्रश्न मला दोन्हीकडून विचारण्यात येतो. वर सांगितलेला, मोठ्या माणसांत दिसणारा विकार नात्यातील लग्नाने उत्पन्न होत नाही. परंतु त्याच नावाचा दुसरा एक विकार आहे, तो तान्ह्या मुलांत, कधी तर गर्भातच दिसतो, आणि सुमारे वीस हजार जन्मांमागे एकास होतो. त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असून ते अप्रभावी आहे. म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच रोग होतो. आईबाप स्वत: ठणठणीत असतात. नवराबायको एकाच आजोबांची नातवंडे असली तर दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. अशा जोडप्याचे एक मूल ह्या रोगाने गेले असेल, तर पुढच्या प्रत्येक खेपेस चारांत एक एवढा धोका असतो व गर्भारपणाआधीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावयास हवा.

आता मोठ्यांच्या विकाराकडे पुन्हा वळू व त्यातील गंभीर उपद्रव पाहू. त्यांत रक्तदाबास मी पहिले स्थान देतो, कारण तो सर्वांत आधी येतो आणि त्याच्यावरच आपली सत्ता सर्वांत अधिक चालते. वाढत्या पुटी मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या दाबतात. रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंडास वाटते, शरीरातील रक्तदाबच उतरला आहे. म्हणून ते दाब चढविणारी द्रव्ये सोडू लागते. निम्म्याहून अधिक रुग्णांत मूत्रपिंडांची शक्ती घटण्यापूर्वीच रक्तदाब वाढलेला असतो, आणि तो वाढल्याचे सरासरीने तिशीच्या सुमारास लक्षात येते. तिशीतल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला दिसला तर 'कामाचा ताण' म्हणून सोडून देणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या वयात त्याचे कारण शोधलेच पाहिजे. हा रक्तदाब हृदयाच्या भिंती जाड करतो, मेंदूस धोका उत्पन्न करतो आणि मूत्रपिंडांचा ऱ्हास लवकर घडवितो. म्हणजे मूत्रपिंडामुळे वाढलेला दाब उलटून मूत्रपिंडावरच आघात करतो.

माझा एक जुना विद्यार्थी असाच तिशीतला. अर्ज घेऊन आला तो आपल्या थोरल्या काकांसाठी. बोलता बोलता त्याच्या घरची हकीकत निघाली. आजोबांच्या 'पोटात गोळा' होता व ते पंचावन्नाव्या वर्षी सूज येऊन वारले. आत्याचे 'बीपी' पहिल्या बाळंतपणात वाढले ते कधी उतरलेच नाही. दुसऱ्या काकांना मुतखड्याचा त्रास होता, मधून मधून लघवीतून रक्त जाई. त्याचे वडील बेचाळीसाव्या वर्षी एका सकाळी 'डोकं फुटतंय' म्हणत खाली बसले. पित्त असेल म्हणून घरच्यांनी कोकमाचे सरबत दिले, कपाळावर बाम चोळला. संध्याकाळी बेशुद्ध झाल्यावर दवाखान्यात नेले, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. मी त्याला म्हटले, "ह्या चार गोष्टी एका कागदावर लिही." त्याने लिहिल्या, कागदाकडे पाहिले आणि तो विचारू लागला, "म्हणजे सर, हे सगळं एकच?" त्याने स्वत:चा रक्तदाब त्या दिवसापर्यंत कधीही मोजला नव्हता. पुढे सोनोग्राफी झाली. पुटी निघाल्या.

वडिलांस जे झाले त्याचे स्पष्टीकरण असे. जे जनुक मूत्रपिंडाच्या नलिकांत सदोष असते तेच रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असते. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी राहून तेथे फुगवटा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. सर्वसाधारण लोकांत असा फुगवटा शंभरांत दोघा-तिघांस असतो. बहुपुटी विकाराच्या रुग्णांत शंभरांत नऊ ते बारा जणांस. ज्यांच्या जवळच्या नातलगास मेंदूतील फुगवटा वा त्याचा रक्तस्राव झाला आहे, अशा रुग्णांत तर हे प्रमाण शंभरांत वीसच्या वर जाते. म्हणजे हा उपद्रवही घराण्यात चालत येतो. फुटण्याचे वय सरासरीने चाळिशीच्या आसपास, अन्य लोकांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधीचे; आणि पुष्कळदा त्या वेळी मूत्रपिंडे चांगले काम करीत असतात. म्हणून 'त्याला किडनीचा काही त्रास नव्हता' हे म्हणणे खरे असूनही फसवे ठरते.

फुगवटा फुटल्याची डोकेदुखी ओळखू येते. ती हळूहळू चढत नाही. क्षणार्धात पराकोटीस पोहोचते. आजवर कधी अशी दुखली नाही असे माणूस स्वत:च म्हणतो. मान ताठते, ओकारी येते, उजेड सहन होत नाही, कोणी कोसळतो. अशा वेळी बाम, पित्ताची गोळी, 'सकाळपर्यंत पाहू' ह्यांपैकी काहीही करू नये; ज्या इस्पितळात सीटी स्कॅनची सोय आहे तेथे थेट न्यावे, आणि दारातच सांगावे की घरात बहुपुटी मूत्रपिंडाचा विकार आहे. हे एक वाक्य डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचविते. मात्र प्रत्येक रुग्णाने भीतीने रात्री जागवाव्यात असेही नाही. बहुतेकांस फुगवटा नसतो, असला तरी लहान असतो, आणि लहान फुगवटे बहुधा फुटत नाहीत. त्यांच्यावर ठराविक काळाने नजर ठेवतात. ज्यांच्या घरात असा रक्तस्राव झाला आहे, त्यांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांची एमआरआय तपासणी करून घेण्याविषयी डॉक्टरांस विचारावे. ती शिरेतून रंगद्रव्य न टोचताही होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती त्याच दिवशी सोडावी.

लघवीतून रक्त जाण्याने घर हादरते, पण ते बहुधा पुटीतील एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याचे लक्षण असते. विश्रांती व पुरेसे पाणी एवढ्याने ते काही दिवसांत थांबते. रक्ताच्या गुठळ्या जाऊ लागल्या, लघवी अडली, रक्त आठवड्याहून अधिक टिकले, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच गेले, तर दुसरे कारण नाही ना हे पाहावे लागते. मूत्रपिंडे फार मोठी झाली असतील तर पोटावर आघात होईल असे खेळ, कबड्डी व कुस्ती, ह्यांस रजा द्यावी. मुतखडा चारपाच रुग्णांमागे एकास होतोच.

पुटीत जंतूंचा शिरकाव होणे ही गोष्ट मात्र हलक्याने घेण्यासारखी नाही. थंडी वाजून ताप येतो व कुशीत एकाच ठिकाणी दुखते. येथे एक घोटाळा होतो. पुटी नलिकेपासून तुटलेली असते, त्यामुळे तिच्यातील पू लघवीत उतरत नाही आणि लघवीची तपासणी निर्दोष येऊ शकते. मग 'लघवी स्वच्छ आहे' म्हणून ताप दुसऱ्या कशाचा तरी ठरतो. शिवाय पुष्कळशी प्रतिजैविके पुटीच्या आवरणातून आत पुरेशी जात नाहीत. जाणारे औषध निवडून ते चारसहा आठवडे द्यावे लागते, आणि ताप उतरला की गोळ्या बंद करण्याची आपली सार्वत्रिक सवय येथे जिवावर बेतू शकते.

यकृतातही पुटी होतात, त्या तर वय वाढेल तशा बहुतेक सर्व रुग्णांत सापडतात. यकृताचे काम त्यामुळे बिघडत नाही, परंतु क्वचित यकृत इतके वाढते की पोट गर्भिणीसारखे दिसते, दोन घास खाल्ले तरी तडस लागते. हे स्त्रियांत अधिक, कारण इस्ट्रोजेन ह्या स्त्री-संप्रेरकाने यकृतातील पुटी वाढतात; ते असलेल्या गोळ्या घेण्यापूर्वी अशा स्त्रीने डॉक्टरांस आपला विकार सांगावा. बाळंतपण वर्ज्य नाही. रक्तदाब ताब्यात असेल आणि मूत्रपिंडे चांगली असतील तर बहुतेकींचे सुखरूप होते. मात्र गर्भारपणात रक्तदाब चढण्याचा धोका अधिक असल्याने पहिल्या महिन्यापासून देखरेख हवी. हृदयाच्या झडपेतील दोष, हर्निया, ह्या गोष्टीही ह्या रुग्णांत अधिक आढळतात.

उपाय कोणते? पुटी नाहीशा करणारे औषध नाही. ऱ्हासाची गती कमी करता येते, आणि त्यात पहिला मान पुन्हा रक्तदाबाचाच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत पन्नाशीच्या आतील, मूत्रपिंडे चांगली असलेल्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचा रक्तदाब नेहमीप्रमाणे १२०/७० ते १३०/८० ठेवला, दुसऱ्याचा ९५/६० ते ११०/७५ इतका खाली आणला. दुसऱ्या गटात मूत्रपिंडांच्या वाढीचा वेग शेकडा चौदांनी कमी भरला. त्यासाठी वापरलेली लिसिनोप्रिल, टेल्मिसार्टन ह्या जातीची औषधे आपल्या गावातील औषधाच्या दुकानांतही मिळतात व फार महाग नाहीत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, आणि गर्भवतीने मुळीच घेऊ नयेत. गर्भास ती घातक आहेत. मिठाचे प्रमाण दिवसाकाठी एका चहाच्या चमच्याच्या आत आणावे. लोणचे, पापड, सुकी मासळी, फरसाण ह्यांतले मीठ आपण मोजीतच नाही.

टॉल्व्हॅप्टन नावाचे औषध पुटींची वाढ खरोखरच मंदावते असे २०१२ साली सिद्ध झाले. जपानने २०१४ साली, युरोपने २०१५ साली व अमेरिकेने २०१८ साली त्यास मान्यता दिली. ते सर्वांसाठी नाही, ज्यांचा रोग झपाट्याने वाढतो त्यांच्यासाठी आहे. त्याने लघवी अतोनात होते, दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी प्यावे लागते, आणि यकृतास अपाय होत नाही ना हे रक्ततपासणीने वारंवार पाहावे लागते. मग नुसतेच पुष्कळ पाणी प्यायल्याने तोच लाभ होणार नाही काय, असा विचार शास्त्रज्ञांच्याही मनात आला. ऑस्ट्रेलियात तीन वर्षे तसा प्रयोग झाला. २०२२ साली निकाल आला की मूत्रपिंडांच्या वाढीत फरक पडला नाही. पाणी तहानेस पुरेल एवढे व मुतखडा होऊ नये इतके अवश्य प्यावे, ते औषध समजू नये.

पाण्यावरून उपवासाची गोष्ट निघते. मी स्वत: मुसलमान आहे आणि रमजानचे रोजे मला प्रिय आहेत, म्हणून हे लिहिण्यास मला संकोच वाटत नाही. ज्याची मूत्रपिंडे बरीच क्षीण झाली आहेत, ज्यास पुन:पुन्हा मुतखडा होतो, किंवा जो वरील औषध घेत आहे, त्याने दिवसभर पाण्यावाचून राहणे धोक्याचे आहे. आजाऱ्यास रोजे पुढे ढकलण्याची मुभा खुद्द कुराणशरिफात आहे, आणि कायमच्या आजाऱ्याने त्याऐवजी गरिबास जेवू घालावे असा मार्गही दाखविलेला आहे. निर्जळी एकादशी करणाऱ्या माझ्या हिंदू भगिनींसही माझी हीच विनंती आहे.

अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडांस अपाय करतात; त्या सवयीने घेऊ नयेत. तीच गोष्ट 'किडनी साफ करणाऱ्या' काढ्यांची व भस्मांची. येथे एका फळाचा उल्लेख करतो, कारण कोकण-गोव्याकडे ते परसात असते : करंबळ, हिंदीत कमरख. पोर्तुगिजांचा 'कारांबोला' हा शब्द आपल्या मराठीवरूनच गेला. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसास हे फळ विषासमान आहे. उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, प्राणही जातो. निरोगी माणसाने खुशाल खावे.

एवढे सर्व समजूनही माणसे तपासणीस जात नाहीत, ह्याचे कारण मला ठाऊक आहे, आणि ते पैसा हे नव्हे. 'मुलीचं लग्न ठरायचं आहे, आत्ता नको.' हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की त्यावर रागावणेही आता सोडून दिले. लपविल्याने विकार सासरी जाण्याचा राहत नाही, फक्त तिचा रक्तदाब मोजावयास कोणी जात नाही. सांगून जमलेल्या लग्नातली नवराबायको एकमेकांची काळजी घेतात, असेही मी पाहिले आहे. ज्याच्या आईस वा वडिलांस हा विकार आहे, त्याने सज्ञान झाल्यावर सोनोग्राफी करून घ्यावी. पंधरा ते एकोणचाळीस वर्षांच्या वयात दोन्ही मिळून तीन पुटी, व चाळीस ते एकोणसाठमध्ये प्रत्येक मूत्रपिंडात दोन, एवढ्या आढळल्या तर निदान पक्के होते. चाळिशीनंतर सोनोग्राफी स्वच्छ आली तर माणूस सुटला असे समजावे. त्याआधी स्वच्छ आली तर तसे निश्चित म्हणता येत नाही, एमआरआय किंवा जनुकचाचणी लागू शकते. लहान मुलांची सोनोग्राफी करावी की नाही ह्यावर डॉक्टरांचे एकमत नाही. त्यांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा ह्यावर आहे.

इतके करूनही सुमारे निम्म्या रुग्णांची मूत्रपिंडे साठीपर्यंत निकामी होतात. मग डायलिसिस, नाहीतर प्रत्यारोपण. गरीब रुग्णांस जिल्हा रुग्णालयांतून विनामूल्य डायलिसिस मिळावे म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आहे. ट्रस्टकडे येण्यापूर्वी तेथे चौकशी करावी, म्हणजे ट्रस्टचा निधी औषधे व प्रवास ह्यांस पुरेल. प्रत्यारोपण ह्या विकारात चांगले यशस्वी होते, कारण नव्या मूत्रपिंडात दात्याची निर्दोष जनुके असतात व पुटी पुन्हा होत नाहीत. जुनी मूत्रपिंडे बहुधा जागच्या जागी ठेवतात. फारच मोठी असली किंवा त्यांत वारंवार रक्तस्राव वा जंतुबाधा होत असली तरच काढतात. दात्याचा प्रश्न मात्र इतर रोगांहून बिकट आहे. १९९४ च्या कायद्याने पती-पत्नी, आईवडील, भावंडे व मुले ह्यांस जवळचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा व नातवंडे त्यांत आली. परंतु रक्ताच्या नात्यातील दाता स्वत:च बाधित असण्याचा संभव असतो. भावाने प्रेमाने देऊ केलेले मूत्रपिंड सोनोग्राफीत पुटींनी भरलेले निघते, आणि दाता म्हणून आलेला माणूस रुग्ण होऊन घरी परततो. तरुण दात्याची जनुकचाचणी म्हणूनच करतात. ह्या विकारात पत्नीचे वा पतीचे मूत्रपिंड पुष्कळदा उपयोगी पडते ते ह्यासाठी.

ज्या घरात हा विकार असेल त्यांनी एक साधा कागद करून ठेवावा. आजोबा-आजींपासून नातवंडांपर्यंत प्रत्येकाचे नाव. किती वर्षांचे असताना वारले. रक्तदाब कोणत्या वयात वाढला. मुतखडा, लघवीतून रक्त, पोटातील गोळा, अकस्मात मृत्यू. डोक्यात रक्तस्राव कोणास झाला. डायलिसिस कोणत्या वयात लागले. माहेरची व सासरी गेलेल्या लेकींची नावे गाळू नयेत, आपल्याकडे ती नेहमी गाळली जातात. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवताना जुन्या सोनोग्राफीचे कागदही बरोबर न्यावेत, कारण त्यांवर मूत्रपिंडांची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते आणि किती वर्षांत किती वाढ झाली हे त्या आकड्यांवरूनच कळते.